बाई ओरडत होत्या तोवर

आमच्या रशियन बाई रोज आमच्या जिवावर उठायच्या. "उशीर झाला? खेकडे हिवाळा कुठे काढतात ते दाखवते तुला!" "गृहपाठ नाही? पाय उपटून जागी आगकाड्या बसवीन!" दुबईत ऊद मेथातल्या त्या क्लासला हॉटेलातली, ट्रॅव्हल ऑफिसातली माणसं रशियन शिकायला यायची आणि बाई पहिल्याच तासाला धमक्या शिकवायच्या. म्हणायच्या, "नमस्कार चुकला तर पाहुणा हसेल. धमकी कळली नाही तर तुमचं काही खरं नाही."

मी एका हॉटेलात स्टाफचं ट्रेनिंग बघते. मूळची डोंबिवलीची, तोंडाने फटकळ. त्यामुळे आमचं लगेच जमलं. मी त्यांना आपलं "तंगडं मोडून हातात देईन" समजावून सांगितलं तर बाई विचारात पडल्या. "फक्त हातात? मग तो उभा कसा राहणार? आमच्याकडे निदान काडी तरी बसवतात!" आणि टेबल बडवत हसल्या.

पण एक गोष्ट त्या न हसता सांगायच्या. "ओरडणाऱ्याला घाबरू नका. तो घरचा. रशियन माणूस आवाज उतरवून अदबीने आभार मानायला लागला, की समजा, संपलं." मग ताठ उभं राहून हळूच म्हणून दाखवायच्या, "तुमचे उपकार विसरणार नाही." एसी बंद असला तरी अंगावर काटा यायचा.

क्लासचे संचालक आपलेच, पुण्याचे. त्यांनी वर्षभर बाईंचे तास कॅमेऱ्यावर घेतले. "रेकॉर्ड म्हणून हो मॅडम, जस्ट फॉर रेकॉर्ड." बाईंनी भोळेपणाने जीव ओतून शिकवलं. सगळे धडे कॅमेऱ्यात भरून झाल्यावर या गृहस्थाने आम्हा विद्यार्थ्यांसमोर जाहीर केलं, की पुढच्या महिन्यापासून व्हिडिओच शिकवतील, बाईंची गरज नाही. खलास! इथे नोकरी गेली की व्हिसा गेला. पंधरा वर्षांचा संसार बाईंनी आता बॅगांत भरायचा होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आम्हाला वाटलं, आता बाई क्लास डोक्यावर घेणार. बाई उठल्या, जॅकेटचं बटण लावलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "सर, तुमचे उपकार विसरणार नाही."

संचालक खूश! बाई गेल्यावर मला म्हणतात, "बघा ताई, किती डीसेंट लेडी! मला वाटलं होतं तमाशा करेल." अरे बाबा, वर्षभर कॅमेरा लावलास, एक धडा तरी बघायचास!

विमानतळावर मी रडायला लागले, तशा बाई सगळ्यांदेखत कडाडल्या, "डोळे पूस, नाहीतर काढून खिशात घालीन!" आणि मला घट्ट मिठी मारली. मग कानात म्हणाल्या, "मी घरून, कझानहून ऑनलाइन शिकवणार आहे. तुझी हॉटेलातली मुलं पाठवशील?" मी म्हटलं, "बाई, यल्ला, चला! एकूण एक."

क्लास चालायचा तो मुख्यतः आमच्या हॉटेलच्या बॅचवर. गेल्या आठवड्यात संचालक स्वतः ऑफिसात आले. "ताई, नवी बॅच कधी पाठवताय?" एरवी मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण आवाज चढवलाच नाही. चहा मागवला, घरच्या चकल्या पुढे केल्या. त्यांच्या मुलीची बारावी विचारली. "तुम्ही बाईंसाठी जे केलंत, ते मी वरपर्यंत सांगितलंय हं, सर," असंही म्हटलं. आमच्या ग्रुपच्या बाकीच्या सहा हॉटेलांना मी आदल्या दिवशीच कळवलं होतं, आणि सगळ्यांनी बाईंचा ऑनलाइन क्लास लावला होता.

लिफ्टपर्यंत सोडायला गेले. दार बंद होताना संचालक हात जोडून म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं आहेत, म्हणून आमचं चाललंय."