शिकवणीची पाटी

वणीत पाट्या रंगवणारा एक पेंटर होता. इंग्रजी येत नसे; अक्षरं तो चित्रासारखी काढी, मागे सरून म्हणे, "झकास दिसून राह्यलं!" त्याच्या चुकांवर मी चौकात यथेच्छ हसायचो.

पुढे मी इंग्रजीची शिकवणी काढली. पाटीचा मजकूर अर्थातच स्वतः चिठ्ठीवर लिहून त्याच पेंटरला दिला. पाटी लागली, पालक जमले आणि हेडमास्तर म्हणाले, "अहो, यात 'इंग्लिश'च चुकलंय!"

माझी शिकवणी तिथंच आटोपल्यात जमा होती. माझ्या अक्षरातली चिठ्ठी पेंटरच्या हातात होती. त्याने तिलाच ब्रश पुसला.

"मले कुठं येते अंग्रेजी, साहेब? चूक माहीच हाये."

सगळे हसत गेले. तो हळूच म्हणाला, "मास्तर, आता बराबर कसं लिहाचं, ते कोणाले विचारू?"