आधी फ्रीज

"आधी फ्रीज उघडून बघा," म्हणत चाचा नव्या गिऱ्हाइकाला थेट खानावळीच्या स्वयंपाकघरात न्यायचे. तुमच्यापैकी कुणी शारजात त्यांच्याकडे जेवलं असेल, तर ताटात येण्याआधी सुरमई तुम्हीही तिथे बघितली असेल. मी तर पहिल्या दिवशी चिडलेच होते. भूक लागलेली असताना हे थंडगार दर्शन कशाला?

चाचा रत्नागिरीकडचे. दोन हजार आठच्या मंदीत जाहिरात कंपनीतली माझी नोकरी गेली आणि आम्ही दुबई सोडून शारजात आलो, तेव्हापासूनची ओळख. "जॉब मिळेल, इन्शाल्ला. आधी जेवा," एवढंच ते म्हणायचे. माझ्यासारख्या तापट बाईला तेवढंच मानवायचं.

काही वर्षांनी इमारतीच्या मालकाने खानावळीची जागा रिकामी करायला सांगितली. समोरच दुसरी जागा होती. "दोन लाख दिरहॅम! म्हणजे बत्तीस लाख रुपये!" चाचा मटकन बसले. बँकांनी हात वर केले होते. मग मीच सुचवलं, की इंटरनेटवरून लोकांकडून थोडे थोडे पैसे घ्या आणि त्यांना खानावळीत हिस्सा द्या. त्या वेबसाइटची अट एकच होती. महिन्याभरात पूर्ण रक्कम जमली नाही, तर सगळ्यांचे पैसे परत. म्हणजे खानावळ बंद.

तिथे टाकायच्या व्हिडिओसाठी मी झकास इंग्रजी भाषण लिहून दिलं. चाचांनी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "एसी गळतो. पहिलं वर्ष प्रॉफिट नाही. आता फ्रीज बघा." मी कपाळावर हात मारला.

शेवटच्या आठवड्यात चाळीस हजार दिरहॅम कमी होते. एका शेठने फोनवरच सगळे देऊ केले.

"बघायला कधी येता?" चाचांनी विचारलं.

शेठला टाइम नव्हता.

"मग नको, साहेब."

"चाचा, वेड लागलंय का? सगळं खलास होईल!" मी ओरडले.

"ताई, ज्याने आत पाऊल टाकलं नाही, तो मासा महागला की पहिला पळेल."

त्या शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, त्यांनी स्वयंपाकघराचं दार सताड उघडं ठेवलं. टॅक्सीवाले, नर्स, दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधली आमची जुनी शेजारीण, अजमानचे दोन शिंपी, सगळे एकेक करून फ्रीजमध्ये डोकावले आणि कुणी पाचशे, कुणी हजार दिरहॅमचा हिस्सा घेतला. संध्याकाळपर्यंत रक्कम पूर्ण झाली. चाचा फ्रीजला टेकून लहान मुलासारखे रडले. मीही रडले.

मागच्या वर्षी चाचा गावी गेले आणि तिथेच वारले. त्यानंतर हिस्सेदारांची पहिली सभा भरली. मी नेहमीच्या घाईने कागद वाटायला लागले, तर खानावळ आता सांभाळणारी त्यांची मुलगी म्हणाली, "आंटी, फ्रीज फर्स्ट."

आम्ही सगळे उठून आत गेलो. फ्रीजसमोर उभे राहिलो. 'उघडून बघा' म्हणायला चाचा नव्हते, आणि दाराला हात लावायला कुणीच पुढे होईना.