तिकिटाएवढी संध्याकाळ

श्यामसुंदर देवस्थळी यांनी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात बत्तीस वर्षे नोकरी केली. पुराव्याशिवाय कोणालाही दोषी धरायचे नाही, हा त्यांचा नियम सहकाऱ्यांना आजही आठवतो. तो एकदा मोडला. ती हकिगत ते स्वतःच सांगतात, मात्र सांगताना समोरच्याकडे पाहत नाहीत.

त्यांच्या मुलुंडच्या घरात एकोणिसाव्या शतकातले एक तैलचित्र आहे: खाडी, चार होड्या, ढगांआडून दिसणारे बिंब. वडिलांनी ते लिलावात घेतले होते. आकाश सोनेरी-तपकिरी, म्हणून घरात त्याला ‘संध्याकाळ’ म्हणत. रंग फारच काळवंडले, तेव्हा श्यामसुंदरांनी ते मरोळच्या अंबादास यांच्याकडे साफ करायला दिले. चौकटी बनवता बनवता अंबादास हे काम शिकले होते. वय साठीचे; तरी श्यामसुंदर त्यांना अरे-तुरे करीत.

तीन आठवड्यांनी चित्र परत आले. आकाश निळसर करडे, बिंब पांढरे, पाण्यावर चांदणे. श्यामसुंदरांनी फोन लावला.

“अंबादास, हे आमचं चित्र नाही.”

“तुमचंच आहे साहेब. वरचं व्हार्निश पिवळं पडलं होतं, तेवढं काढलं. खाली चांदणंच होतं.”

“साठ वर्षं बघतोय मी. मला शिकवू नकोस. आमचं कुठंय ते सांग, पोलिसांत जाणार नाही मी.”

मग अंबादास म्हणाले, “मागचे खिळे काढा. चौकटीखाली डावा कोपरा बघा.”

श्यामसुंदरांनी खिळे काढले नाहीत. त्याऐवजी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टर सुबोधांना सावध केले. सुबोधांनी अंबादासांकडे दिलेली आपली दोन चित्रे तशीच अर्धवट परत आणली.

आठ दिवसांनी खिळे काढले ते मुलीने, गंधालीने. चौकटीच्या लाकडाखाली झाकला जाणारा, पोस्टाच्या तिकिटाएवढा चौकोन मुद्दाम न पुसता ठेवला होता. साफ करण्याआधी चित्र कसे होते याची साक्ष म्हणून हे कारागीर असा कोपरा राखतात. त्या चौकोनात घरची संध्याकाळ होती, आणि ब्रशचा तोच फटकारा त्याच्या कडेबाहेर चांदण्यात गेला होता.

“बाबा, हे त्यांनी सांगितलं होतं तुम्हाला?”

“हो.”

“मग बघितलं का नाही?”

श्यामसुंदरांना उत्तर ठाऊक होते. आपल्यासारख्या आडनावाच्या माणसाने हेच सांगितले असते, तर त्यांनी फोन हातात असतानाच पक्कड शोधली असती.

दुसऱ्या दिवशी ते मरोळला गेले. “चूक झाली, अंबादासराव,” ते म्हणाले. अंबादासांना ते प्रथमच ‘राव’ म्हणत होते.

अंबादासांनी हातातली चौकटीची पट्टी घासणे थांबवले नाही. “मला काय सांगता? मी काही केलं नाही हे मला ठाऊकच होतं. डॉक्टरांना सांगितलंत का?”

संध्याकाळी श्यामसुंदर सुबोधांच्या दारात उभे राहिले. “त्या चित्राबाबत जरा गैरसमज झाला होता.”

“चालायचंच हो,” सुबोध म्हणाले. “चहा घेणार?”

नको म्हणून ते जिना उतरू लागले आणि मधल्या वळणावर थांबले. ‘गैरसमज’ म्हटल्याने ते स्वतः आणि अंबादास, दोघेही सुटले होते. अंबादासांनी तर सुटावे लागेल असे काही केलेच नव्हते. ते परत वर गेले, पुन्हा बेल वाजवली.

“गैरसमज नव्हता तो. त्यांनी पुरावा कुठे आहे ते सांगितलं होतं. मी तो बघितला नाही आणि त्यांना चोर ठरवलं.”

सुबोध हातातल्या चहाच्या कपाकडे पाहत राहिले. चित्रे परत आणताना त्यांनीही अंबादासांना काही विचारले नव्हते.