आक्कांच्या ओठातले पाच दाणे

फोन सकाळी सव्वासहाला आला. मी चहाचं आधण ठेवलं होतं. वडिवळ्याहून पुतण्या, आक्कांचा मुलगा, बोलत होता. "काकी, आई गेली." मग म्हणाला, "झोपेतच गेली. उठवायला गेलो तर..." मी गॅस बंद केला आणि बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिले. त्याला आता सहा आठवडे झाले. मुलांनो, त्या आठवड्यात तुम्ही दोघांनी आपापल्या देशांतून फोन करून विचारलंत, मोठ्या आजीला काय झालं होतं? मी "वय झालं होतं" एवढंच म्हणाले. ते उत्तर अपुरं होतं, आणि माझी एक चूक त्याच्याआड लपत होती. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. लग्न होऊन वडिवळ्याला आल्या तेव्हा त्यांचा धाकटा दीर, म्हणजे तुमचे आजोबा, सहा वर्षांचे होते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे त्या पोराला न्हाऊमाखू घालणं, शाळेत पाठवणं, तापात रात्र काढणं, सगळं आक्कांनीच केलं. मी तळेगावची, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, पुढे लोणावळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी. त्या मला मास्तरीण म्हणत. पहिल्यांदा चुलीवर भाकरी केली तेव्हा तिच्या कडा कच्च्या राहिल्या. आक्कांनी ती उचलून सगळ्यांना दाखवली. "मास्तरणीनं भाकरीला बी समास सोडलाय बगा." पण ती भाकरी त्यांनी स्वतःच खाल्ली.

गेली दहाएक वर्षं त्यांना पाण्याशिवाय घास उतरत नसे. आमटीत कुस्करलेल्या भाकरीच्या प्रत्येक घासामागे एक घोट. भातलावणीला जाताना कमरेला पाण्याची बाटली बांधलेली. डोळे लाल, वाळू गेल्यासारखे टोचणारे. दात एकेक करून गेले, सांधे धरू लागले. प्रत्येकाकडे प्रत्येक गोष्टीचं वेगळं कारण होतं. दातांचा डॉक्टर म्हणाला मिश्री, डोळ्यांचा म्हणाला चुलीचा धूर, गावातली बायामाणसं म्हणाली वय. मी मिश्रीवर ठाम होते. इतकं टाकून बोलले की आक्कांनी तीस वर्षांची मिश्री एका दिवसात सोडली. तरी तोंड कोरडंच. तेव्हा मला वाटलं, चोरून लावत असणार. तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं.

मग तुमचे आजोबा गेले. दिवस वडिवळ्यालाच केले. आपल्याकडे परगावची कुणी बाई भेटायला आली की घरातल्या बायकांनी तिच्या गळ्यात पडून रडायचं. जितक्या येतील तितक्या वेळा, नव्याने. आक्का प्रत्येकीला मिठी मारत, पाठीवरून हात फिरवत, पण डोळे कोरडे. मागे बसलेल्या बायका एकमेकींकडे बघत. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्यातलं काहीतरी सुटलं. भरल्या पडवीत मी म्हणाले, "आक्का, लहानाचं मोठं केलंत त्यांना, आणि त्यांच्यासाठी दोन थेंबही नाहीत?"

आक्का म्हणाल्या, "न्हाई येत गं." आणि चुलीवरचं पाणी बघायला आत गेल्या.

माझं ते वाक्य गावभर झालं. दहाव्यापर्यंत कामशेतच्या बाजारात लोक बोलत होते की वडिवळ्याच्या आक्काला दिराचं काहीच नव्हतं. ज्या बाईला आयुष्यभर लोक बाळंतपणाला, मयताला आधी बोलावत, तिला पुढच्या दोन मयतांना कुणी निरोपसुद्धा दिला नाही. मी लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या माझ्या घरी परत आले आणि पाच महिने तिकडे फिरकले नाही.

पाच महिन्यांनी पुतण्याचा फोन आला. आक्कांच्या कानाखाली दोन्ही बाजूंना सूज होती, कोरडा खोकला थांबत नव्हता. "काकी, मोठ्या दवाखान्यात सगळं इंग्रजीत असतं, तुमी चला." मी गेले. तिथली डॉक्टर तरुण होती, माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाची. जुने सगळे कागद तिने टेबलावर शेजारीशेजारी मांडले, दातांचे, डोळ्यांचे, सांध्यांचे. मग विचारलं, "आजी, रडताना डोळ्यांतून पाणी येतं का?"

आक्कांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग तिला म्हणाल्या, "न्हाई. लय वर्सं झाली."

दोन्ही पापण्यांच्या आत कागदाची एकेक पट्टी अडकवून पाच मिनिटं ठेवली. पट्ट्या जवळजवळ कोऱ्याच निघाल्या. रक्ताच्या तपासणीतून मात्र स्पष्ट काही कळेना. डॉक्टर म्हणाली, खालच्या ओठाच्या आत लाळेच्या अगदी बारीक ग्रंथी असतात, त्यातल्या चार-पाच काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हव्यात. पुतण्याचा चेहरा उतरला. आमच्या भागात तुकडा तपासायला पाठवला म्हणजे कॅन्सरच, आणि सुरी लागली की तो पसरणारच, असंच धरून चालतात. डॉक्टरने समजावलं, ही शंका कॅन्सरची नाही, आणि तपासायला तुकडा काढल्याने हा आजार पसरतही नाही. मी त्यांना तुंगार्लीला घेऊन आले. संध्याकाळभर त्या खिडकीशी बसून होत्या. सकाळी मी वेणी घालत असताना मागे येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तरीण, त्या तुकड्यात दिसंल का, मला रडू का येत न्हाई त्ये?"

"दिसेल बहुतेक," मी म्हणाले.

"मंग काढा म्हनावं."

एक सुई, नखाएवढा छेद, तीन टाके. वीस मिनिटंही लागली नाहीत. आक्कांनी ते तुकडे ठेवलेली बाटली मागून घेतली आणि उजेडात धरली. पाण्यासारख्या औषधात पाच बारीक दाणे तरंगत होते. सुजलेल्या ओठाने त्या म्हणाल्या, "वरईचं दानं हायती. येवढ्यासाठी माज्या लेकाचं त्वांड उतरलं?" त्या जागी पुढे कायमची थोडी बधिरता राहिली. मुंगी चावून गेल्यासारखी, असं त्या सांगत.

आठ दिवसांनी अहवाल आला. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच त्या ग्रंथींमध्ये घोळक्याने घुसून बसल्या होत्या, आणि लाळ, अश्रू बनवणारा भाग मोडत चालला होता. लक्षणं, पट्ट्या आणि हे दाणे एकत्र धरून डॉक्टरने निदान केलं. आजाराचं नाव शोग्रेन. मुळापासून बरा होत नाही, सांभाळावा लागतो. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. "वडिवळ्याच्या धरणाखाली र्‍हाते मी," त्या म्हणाल्या, "आन् पानी न्हाई ते माज्याच डोळ्यात." डॉक्टर हसली. मला हसता आलं नाही.

वर्षश्राद्धाला त्याच पडवीत बहुतेक त्याच बायका होत्या. जेवणं झाल्यावर मी उभी राहिले, तो अहवाल काढला आणि एकेक ओळ मराठीत सांगितली. शेवटी म्हणाले, "यांना रडू येत नव्हतं असं नाही. पाणी येत नव्हतं. मी शिकलेली असून मला कळलं नाही. चुकले." कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "आक्के, आदी सांगायचं न्हाईस व्हय?"

"मला तरी कुटं ठावं हुतं?" आक्का म्हणाल्या.

सगळ्या गेल्यावर मला वाटलं, त्यांना बरं वाटलं असेल. त्या खरकटी काढत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गावाला कशाला वाचून दावलास? गाव बोलतं आन् इसरतं. ओठ कापून घेतला त्यो तुज्यासाठी. तू एकलीनं इस्वास ठेवला असता तरी भागलं असतं."

मी अहवालाची घडी घातली आणि त्यांच्याबरोबर खरकटी काढू लागले.

त्यानंतरची चार वर्षं त्या तपासणीसाठी दर तीन महिन्यांनी तुंगार्लीला येऊन राहत. बोटं वळत नसल्यामुळे डोळ्यांत थेंब मी घालायची. त्या खुर्चीत मान मागे टाकून बसत, मी पापणी उघडून थेंब सोडायची, आणि जास्तीचं औषध गालांवरून कानांपर्यंत ओघळायचं. मी पुसायला गेले की हात धरायच्या. "र्‍हाऊ दे. बग, रडले का न्हाई तुज्या नवऱ्यासाठी?" मग दोघी हसायचो. हसताहसता माझे डोळे भरायचे आणि त्यांचे औषधाने भरलेले असायचे... आरशात पाहिलं तर फरक कळला नसता.

शेवटच्या खेपेला त्या आठ दिवस राहिल्या. थेंबांची नवी बाटली मी उघडली, त्यावर तारीख लिहिली आणि निघताना त्यांना द्यायची विसरले. आणखी आठ दिवसांनी त्या गेल्या. बाटली फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागे आहे. उघडल्यापासून महिन्याने टाकून द्यावी असं तिच्यावर छापलेलं आहे, आणि मुदत संपलेलं औषध मी एक दिवसही घरात ठेवत नाही हे तुम्हाला माहीत आहे. महिना केव्हाच उलटला. काल फ्रिज पुसताना मी बाटली बाहेर काढली, तिच्याखालचा कप्पा पुसला आणि ती पुन्हा तिथेच ठेवली.