थंड मुलखातली वाइन आणि तांबडा रस्सा

संस्थान विलीन झालं त्या उन्हाळ्यात मी कोल्हापुरात एका साहेबांकडं स्वयंपाकाला होते. शिक्षण चौथी, नवऱ्यानं टाकलेली. साहेब दरबारच्या नोकरीतले. त्यांची जागा ठेवायची की काढायची, हे मुंबईचा एक अधिकारी ठरवणार होता आणि तो आमच्याकडं जेवायला येणार होता. साहेबांची जागा गेली की बंगला जाणार, आणि मी कुरुंदवाडला भावजयीची भांडी घासायला. तेव्हा त्या जेवणाची काळजी साहेबांपेक्षा मला जास्त होती.

साहेबांना एका गोऱ्या पाहुण्यानं पांढऱ्या वाइनची बाटली दिली होती, जर्मनीकडची. सोबत वाइनबरोबर काय खावं याचं एक पुस्तकही. त्यात बघून साहेबांनी हुकूम सोडला, “उकडलेला मासा, उकडलेला बटाटा. मिरची अजिबात नको. ही वाइन थंड मुलखातली, नाजूक असते.”

“पाहुणा आजारी हाय का, साहेब?”

“बाई, तुम्हाला यातलं कळत नाही.”

घरात बर्फ नव्हता. थंड मुलखातली ती नाजूक बाटली सकाळपासून बादलीत बसून विहिरीत लोंबकळत होती. अकराला साहेबांनी बूच काढलं, पेल्यात नाक खुपसलं आणि डोळे मिटून म्हणाले, “हिरवं सफरचंद. ओला दगड.” ओला दगड आमच्या धुण्याच्या जागेवरही होता, तिथं साहेब कधी हुंगायला आले नाहीत. मलाही त्यांनी घोटभर दिली. आधी कैरीसारखी आंबट, मग मागनं गुळाचा खडा चाटल्यासारखी जराशी गोड.

“ही तांबड्या रश्शावर चालंल की,” मी म्हटलं. “तोंड पोळल्यावर आंबटगोडच लागतंय.”

“रश्शाबरोबर वाइन? हसतील लोक!”

मी मासा उकडला. पण आमचा शिपाई आणि ड्रायव्हर काही दगड हुंगून जेवणार नव्हते. त्यांच्यासाठी मटणाचा रस्सा टाकला.

अधिकारी आला. माशाचे दोन घास खाल्ले, सफरचंदावरचं सगळं भाषण ऐकलं. मग मागच्या पडवीकडं मान वळवून म्हणाला, “हा वास कसला?”

“नोकरांचं जेवण, सर.”

“याच वासासाठी मी कोल्हापूरचा दौरा मागून घेतला हो!”

पेला हातात घेऊन तो थेट पडवीत आला आणि शिपायाशेजारी मांडी घालून बसला. शिपाई म्हणाला, “बसा पावणं, पर जपून. बाईंचा हात लई तिखट हाय.”

दोन भुरके मारल्यावर अधिकाऱ्याचे कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं. हातात वाइनच होती, तीच घेतली. थांबला. परत रस्सा, परत घोट. साहेब दारात पांढरेफटक उभे होते. मीही पळी रश्श्यात तशीच धरून उभी होते.

“वा! ही जोडी तुम्हाला कुणी सांगितली?”

साहेबांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, “अनुभव, सर.”

जागा राहिली. माझीही राहिली.

पुढं दारूबंदी आली, वाइन गेली, भाषण राहिलं. उंच दांड्याच्या पेल्यांत पन्हं ओतून साहेब पाहुण्यांना समजवायचे की थंड मुलखातली वाइन तिखटाबरोबरच घ्यावी, समजा ही तीच आहे. मी रस्सा वाढत दोन वर्षं ऐकलं. एके दिवशी पन्ह्यात गूळ घातलाच नाही. साहेबांनी रस्सा भुरकला, वर पन्ह्याचा मोठा घोट घेतला आणि त्यांचे दात आंबले. भाषण तिथंच अडलं. शेवटी पाहुण्यांना म्हणाले, “पुढचं बाईंना विचारा.”