आईच्या प्लेटलेट्स का कमी झाल्या

गेल्या महिन्यात, मंगळवारी, फर्स्ट शिफ्टला चाकणला होतो. चहाच्या सुट्टीत मोबाईल बघितला तर लॅबचा मेसेज... आईच्या प्लेटलेट्स बासष्ट हजार. दीड लाख तरी हव्यात राव.

तिला थकवा होता, पायांवर निळे डाग उठत होते. ताप मात्र अजिबात नव्हता. तरी चऱ्होलीतल्या आमच्या अख्ख्या सोसायटीने डेंग्यू ठरवूनच टाकला. संध्याकाळपर्यंत घरात पपईचा पाला, किवी आणि कुणी पाठवलेलं शेळीचं दूध हजर!

निगडीच्या डॉक्टरबाई मात्र शांत. डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आहे म्हणाल्या. प्लेटलेट्स कमी व्हायला लिव्हरचा त्रास, काही गोळ्या, शरीर आपल्याच पेशींवर उलटणं, अशी पुष्कळ कारणं असतात, एकेक बघू... दोन दिवसांनी कळलं, व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह अगदी तळाला गेलंय, त्यानंच प्लेटलेट्स घटल्यात.

तुम्ही शाकाहारी, मग दूध-दही तरी घेता ना, असं त्यांनी आईला विचारलं. उत्तर मीच दिलं. घरात रोज लिटरभर दूध येतं म्हणालो, वर थोडी ऐटही मारली.

आई पदराशी चाळा करत बसली होती. मग खाली बघूनच म्हणाली, "तीन वर्षं झाली सोडून. ह्याला कंपनीत परमनंट होऊ दे, मग तोंड लावीन, असं देवीला बोललेय."

तीन वर्षं! रोज रात्री माझ्यासाठी विरजण लावायची, माझ्या भातावर साय वाढायची... आणि स्वतः कोरडी भाकरी. मी तिच्यावर दवाखान्यातच चिडलो. मग पार्किंगमध्ये जाऊन रडलो, खोटं कशाला बोलू.

इंजेक्शनं सुरू झाली. दुधाचं नाव काढलं की मात्र ठाम नकार. देवीला दिलेला शब्द मोडायचा नसतो म्हणे. मीही तिचाच मुलगा... म्हटलं, मग आजपासून मी पण सोडलं. दह्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही, हे तिला पक्कं माहीत. दोन वेळा अर्धपोटी उठलो. ती सगळं बघत होती.

तिसऱ्या जेवणाआधी ती देव्हाऱ्यापुढे बराच वेळ पुटपुटत बसली. मग आली, वाटीतलं ताक एका दमात प्यायली आणि दह्याचा सट माझ्यापुढे सरकवला.

"सांगितलं तिला. परमनंट सावकाश कर म्हणलं, आधी लेकराला जेवू दे."

काल काउंट लाखाच्या वर आला. माझं कॉन्ट्रॅक्ट आहे तसंच आहे... पण हल्ली जेवायला बसलो की आधी आईच्या ताटात बघतो. हे तीन वर्षांपूर्वीच सुचायला हवं होतं.