सही करणाऱ्या बाईचा अंगठा

ती घटना आजही आठवली की आधी मला माझाच आवाज ऐकू येतो. "यंत्र खोटं बोलत नाही," असं मी एका बाईला दरडावून सांगत होतो. वास्तविक त्या यंत्रातलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी तमिळ मुलखात, गिंडीच्या बाजूला एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. तिथल्या एका कारखान्यात पंपांचे सुटे भाग बनत. त्यांचे आराखडे संगणकावर ठेवायला मालकांनी वेगळी खोली केली होती आणि तिच्या दाराला अंगठा ओळखणारं यंत्र बसवलं होतं. त्या काळी हे नवलच. शेजारचे कारखानदार मुद्दाम बघायला येत.

एके सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. याच कारखान्याचे आराखडे नुंगंबाक्कममधल्या एका संगणक-छपाईच्या दुकानात छापले जात आहेत, एवढं सांगून माणसाने फोन ठेवला. आम्ही पंचांना घेऊन गेलो आणि पंचनामा करून फ्लॉपी ताब्यात घेतल्या. पाकीट एका रिक्षावाल्याने आणून दिलं, यापलीकडे दुकानदाराला काही ठाऊक नव्हतं. फ्लॉपीवर नक्कल केल्याची वेळ रविवार दुपारची होती. यंत्राच्या नोंदीत त्या दुपारी दार एकदाच उघडलं होतं, आणि नाव होतं आराखडे सांभाळणाऱ्या बाईंचं.

बाई पन्नाशी उलटलेल्या, विधवा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली.

"सार, रविवारी मी घरीच होते," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. घरी दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे साक्षीदार नाही. कारखान्याचे मॅनेजर माझ्या शेजारी बसून सारखे म्हणत होते, "दुसऱ्याचा अंगठा कुणी आणणार कुठून?" मलाही ते पटलं होतं. मी दोन तास प्रश्न विचारले. बाई तेच एक उत्तर देत आणि तोंड मिटून घेत. गप्प माणूस पोलिसाला नेहमीच लबाड वाटतो. मलाही वाटला.

शेवटी अटकेचे कागद तयार केले. हेड कॉन्स्टेबलने शाईचं पॅड पुढे सरकवलं आणि महिला कॉन्स्टेबलने ठसा घ्यायला बाईंचा हात धरला. बाईंनी तो झटकला. तमिळ कुठल्या कुठे गेली.

"अंगठा मी जन्मांत कधीं लावला नाहीं! मी काय कैनाट्टू आहे?"

कैनाट्टू म्हणजे तमिळमध्ये अंगठाबहाद्दर, निरक्षर. बाकीचं वाक्य हेड कॉन्स्टेबलला कळलं नाही. मला कळलं, कारण आम्हीही तंजावरकडचे मराठी, आणि माझी आई घरात असंच बोलायची.

"अक्का," मी आमच्या बोलीत विचारलं, "मग यंत्रांत अंगठा कोणीं लावला?"

बाईंना रडू फुटलं. "तीस वर्षं सही केली, सार. यंत्र आलं तेव्हां सगळ्यांसमोर अंगठा ठेव म्हणाले. मज मेल्याहून मेलं झालं. सुपरवायझर माझ्या तंबीसारखा, धाकटा भाऊच. म्हणाला, अक्का, तुम्ही नको, मी बघतों. रोज तोच दार उघडून देतो."

"आधी का सांगितलं नाहीं?"

"माझा मान राखला त्यानें. त्यास कसा अडकवूं?"

हाच सुपरवायझर आदल्या दिवशी मला हळव्या आवाजात सांगून गेला होता, "अक्का असं करणार नाहीत हो, सार." आम्ही त्याला पंचांसमोर दारापाशी उभं केलं. उजवा अंगठा ठेवला तेव्हा यंत्रावर त्याचं नाव उमटलं. डावा ठेवायला तो तयार होईना. ठेवायला लावला तेव्हा दार उघडलं आणि वर बाईंचं नाव आलं. नोंदणीच्या वेळीच त्याने बाईंच्या नावावर आपला डावा अंगठा चढवला होता. आराखड्यांच्या बदल्यात दुसऱ्या कारखान्याने त्याला मॅनेजरची खुर्ची कबूल केली होती.

पण बाईंचा अंगठा यंत्रात नाही, हेही सिद्ध व्हायला हवं होतं. जन्मात न लावलेला अंगठा त्यांनी पंचांदेखत त्या काचेवर ठेवला. दार उघडलं नाही, म्हणून त्या सुटल्या.

सुपरवायझरला पुढे शिक्षा झाली. कारखान्याने बाईंना परत बोलावलं, मात्र अंगठ्याची नोंद नव्याने करायची अट घातली. मी मॅनेजरांकडे शब्द टाकून पाहिला. नियम सगळ्यांना सारखा, असं उत्तर आलं. बाईंनी राजीनामा दिला.

शेवटच्या जबाबावर सही करायला त्या ठाण्यात आल्या होत्या. मी म्हटलं, "अक्का, दोन वर्षांचा तर प्रश्न. लावून टाका ना."

"लावला कीं तुमच्यासमोर," त्या म्हणाल्या. "चोर नाहीं म्हणून दाखवायला लावला. तें आतां रोज दाखवूं काय?"

त्यानंतरच्या नोकरीत यंत्राची नोंद पुराव्यात आली की मी आधी विचारत असे, यात नाव चढवलं तेव्हा शेजारी कोण उभं होतं? एवढं मी त्या प्रकरणातून शिकलो. बाईंच्या प्रश्नावर मात्र त्या दिवशी मी जबाबाचा कागद पुढे सरकवला, आणि त्यांनी खाली आपली सही केली.